माझा पित्ताचा खडा

८ जुलै २०२५

ताप ९८.४. खाज आहे, मरणाची आहे. सकाळी पेज आणि लोणचं, दुपारी भात.

डॉक्टरांनी रोज एवढंच लिहायला सांगितलंय. पण नितेशने ही जाडजूड वही आणून दिली आहे, तिच्यात नुसता ताप लिहून काय करू? तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. आता जरा माझं बोलते. डॉक्टरांसाठी वेगळा कागद करीन.

तर झालंय असं, की महिनाभर डोळे पिवळे, अंगाला खाज, जेवण जात नाही. मी म्हटलं, कावीळ. मग स्कॅन झाले, तोंडातून दुर्बीण घातली, पित्ताची वाट मोकळी राहायला आत एक नळी बसवली. काल नितेश रिपोर्ट घेऊन आला आणि दारातच चपला काढत म्हणाला, "आई, पित्ताच्या नळीत खडा आहे." मी म्हटलं, "एवढंच ना? मग तोंड का पाडलंयस मेल्या?" तर म्हणे चेकनाक्यावर ट्रॅफिक होतं. मुलुंड चेकनाक्याला ट्रॅफिक रोजच असतं, त्यात डोळे लाल करण्यासारखं काय? दिवसभर लॅपटॉपसमोर बसल्यावर दुसरं काय होणार.

प्रांजलने, आमच्या सूनबाईंनी, कोणी न सांगता शिरा केला. मला जेवण जात नाही हे माहीत असून. खाल्ला दोन चमचे.

१९ जुलै

आज मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. दुसऱ्या मजल्यावर निम्मी माणसं डोक्याला रुमाल बांधून बसलेली. मी नितेशला विचारलं, "अरे, हे कुठे आणलंस मला?" म्हणाला, "मशीन ह्यांच्याकडेच आहे गं." पटलं. माझ्या भावाचा, लवूचा मुतखडा फोडला तेव्हाही मशीन एकाच ठिकाणी होतं, नंबर लावून जावं लागलं होतं.

डॉक्टर अनुपमा म्हणून आहेत. चाळिशीच्या, गोड बोलतात, पण फार सावकाश. म्हणाल्या, "मयेकरताई, तुम्हाला सगळं पहिल्यापासून समजावून सांगते." पहिल्यापासून! बाहेर पंधरा माणसं ताटकळत होती. मी म्हटलं, "डॉक्टर, मला सगळं माहीत आहे. आमच्या घरात हे आधी होऊन गेलंय. काय करायचं ते करा, मी घाबरणारी बाई नाही." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग नितेशकडे बघितलं. त्याने मान हलवली. "फार धीराच्या आहात हो तुम्ही," म्हणाल्या, आणि माझा हात धरला. खड्यासाठी हात धरणारी डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिली.

उपचार नवीन आहे. आधी शिरेतून एक औषध देणार. ते म्हणे त्या पेशींमध्ये जाऊन साठतं. खड्यालाही पेशी असतात हे आज कळलं. दोन दिवसांनी तोंडातून बारीक तार घालून आत लाल उजेड पाडायचा. उजेड फार खोल जात नाही, म्हणून उरलेल्या भागासाठी पोटावरून ध्वनिलहरी सोडायच्या. सोनोग्राफीसारख्याच, पण नेम धरून. उजेड आणि लहरी लागल्या की ते औषध आतल्या आत पेटतं आणि जिथे साठलंय तेवढंच मारतं. कापाकापी नाही.

झकास आहे की! कागदांवर सह्या केल्या. नितेश बोट ठेवत गेला, इथे, इथे आणि इथे. मी करत गेले.

८ ऑगस्ट

झालं. भूल होती, काही कळलं नाही. जाग आली तेव्हा घसा खरवडल्यासारखा आणि पोटावर ती थंडगार चिकट जेली. रतन उशाशी बसली होती.

रतनबद्दल लिहायलाच हवं. एक्स्चेंजला चौतीस वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली ती आजतागायत उठली नाही. घाटकोपरला राहते, पंतनगरात. माझ्या तोंडावर मला खडसावणारी जगात ही एकच बाई. मी शुद्धीवर आल्या आल्या म्हटलं, "रतने, पावडर फासायचीस तरी, भूत दिसतेस." एरवी तिने माझी सालटी काढली असती. आज नुसती "बरं" म्हणाली.

१३ ऑगस्ट

आता ऊन बंद. औषध अंगात आहे तोवर, सव्वा महिना तरी, उन्हात गेलं तर कातडी भाजेल. झगझगीत दिवाही नको. प्रांजलने खिडक्यांना काळे जाड पडदे लावलेत, हॉलमध्ये झिरोचा बल्ब. दुपारी बारा वाजता घरात चाचपडत चालते. गॅलरीत माझी तुळस आहे, तिला पाणीसुद्धा प्रांजल घालते आणि सांडून ठेवते.

रतन रोज येते. रोज! ह्या वयात घाटकोपरहून. तिला म्हटलं, "अगं, खडाच फुटलाय, मी नाही फुटले." तर नाक शिंकरायला आत गेली.

बसल्या बसल्या ह्यांची आठवण झाली. राजारामना फुप्फुसाचा होता. आठ महिने मी त्यांना अल्सर सांगितला. पथ्याचं जेवण रांधलं, खोटे रिपोर्ट आणून ठेवले, शेजाऱ्यांना दारातच दम भरला. शेवटपर्यंत कळू दिलं नाही. माणूस शांतपणे गेला. एवढं कोणाला जमलं नसतं, असं सगळी भावकी म्हणते, आणि खरंच आहे ते.

२८ ऑगस्ट

ह्या वर्षी गावच्या गणपतीची पाळी आमची होती. मी देवगडला जाऊ शकत नाही म्हणून ती चुलतदिराकडे दिली आणि नितेशने इथे दीड दिवसाचा छोटा आणला. माझ्यामुळे दिव्यांची माळ नाही, फोकस नाही. दोन समया फक्त. त्या मंद उजेडात मूर्ती अशी काही दिसली की मला रडूच आलं.

पण काय गर्दी! गावाहून चुलतदीर स्वतःचा गणपती पोरांवर सोपवून आले. गोरेगावची नणंद आली, जिने पाच वर्षांपूर्वी माझ्याशी भांडून उंबरा ओलांडणार नाही म्हटलं होतं. वाकून माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "काय गो, अंगात बिंगात आलं की काय तुझ्या?" कोणी हसलं नाही. गणपतीपेक्षा लोक मलाच जास्त बघत होते. जाताना जो तो म्हणत होता, सांभाळ.

भांडायला माणूसच उरलं नाहीये. वरच्या मजल्यावरचे, ज्यांच्या एसीचं पाणी वर्षभर माझ्या कपड्यांवर पडतं, त्यांनीसुद्धा गुपचूप पाइप लावला. देव पावला म्हणायचं.

४ सप्टेंबर

माझ्या मुलीचा, जान्हवीचा फोन आला, मेलबर्नहून. चार वर्षं मी तिच्याशी बोलत नव्हते. तिने आम्हाला न सांगता लग्न केलं म्हणून. चूक माझी होती, पण ते तिला सांगायची गरज नाही. गेल्या वर्षी नात झाली आणि मीच फोन केला. अजून तिला हातात घेतलेलं नाही. फोनवर बघते, तेवढंच.

म्हणते, "आई, मी पुढच्या महिन्यात येऊ का?" मी म्हटलं, "अजिबात नाही. मी इथे घुबडासारखी अंधारात, डोळे अजून पिवळट, पोर घाबरेल मला बघून. तू मे महिन्यात ये. घर उघडं असेल, हापूस असेल, देवगडला जाऊ, पोरीला वाळूत खेळवू." ती म्हणाली, "बरं आई. मेमध्ये."

नितेश समोरच बसला होता, मोबाइलमध्ये डोकं घालून. रतन शेंगा सोलत होती. दोघांनाही जान्हवीचं कौतुक नाही.

७ सप्टेंबर

आज प्रांजलला झापलं. डोक्याला तेल लावता लावता म्हणते, "आई, ताईंना आत्ताच बोलवून घ्या ना. मे फार लांब आहे." मी म्हटलं, "माझी मुलगी, माझं घर, मला कळतं केव्हा बोलवायचं ते." तिच्या डोळ्यांतून टपाटप पाणी. एवढं काय बोलले मी? मग तिला जवळ घेतलं, तर जास्तच रडायला लागली. दिवस गेले असतील का? विचारायला हवं.

२४ सप्टेंबर

पडदे काढले! गॅलरीत पाच मिनिटं बसले, मग दहा. कातडीला काही झालं नाही. खाज गेली. सुरमई खाल्ली. वजन मात्र वाढत नाही. डॉक्टर म्हणतात की उपचाराचा उपयोग झाला, वाट मोकळी आहे, पण पुन्हा एकदा करावं लागेल. चिवट दिसतोय मेला खडा.

१६ ऑक्टोबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

दुसऱ्या खेपेच्या तपासणीला गेलो होतो. नितेश गाडी लावायला गेला. मी बाकावर बसले. शेजारी एक गृहस्थ, साठीचे, बोरिवलीचे, सहदेव नाव सांगितलं. गाल सुजलेला. बोलके होते. म्हणाले, त्यांचाही तोच उपचार, औषध आणि लाल उजेड. "माझा गालाचा आहे. तंबाखू. तुमचा कुठला, वहिनी?"

मी म्हटलं, "पित्ताचा खडा."

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. "काय वहिनी! इथे खडे कोण फोडतं? हा पूर्ण मजला कॅन्सरचा आहे."

मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांचं हसू गेलं. उठून उभे राहिले. "माफ करा, माझं काहीतरी चुकलं," म्हणाले आणि हातातली पाण्याची बाटली मला देऊन लांब जाऊन बसले.

मांडीवर माझीच फाइल होती. तीन महिने नितेश ती स्वतःच्या काखेत धरून फिरतो, आज गाडी लावायला जाताना माझ्याकडे राहिली. उघडली. मी सही केलेले कागद होते, मराठीतच होते, चार पानं. पहिल्या ओळीत लिहिलंय, पित्तनलिकेचा कर्करोग. दुसऱ्या पानावर लिहिलंय की ह्या उपचाराने आजार पूर्ण बरा होण्याची अपेक्षा नाही, पित्ताची वाट मोकळी ठेवून वेळ वाढवणे हा उद्देश आहे. खाली माझी सही. वळणदार, रेघ ओढून.

नितेश आला तेव्हा फाइल मांडीवर तशीच बंद ठेवली होती. "काय झालं आई?" म्हणाला. मी म्हटलं, "तहान लागली होती."

१७ ऑक्टोबर

ताप नाही. काही खाल्लं नाही.

१८ ऑक्टोबर

रतनला फोन केला. मनात म्हटलं, पोराला धीर झाला नसेल, आईला सांगायला जीभ उचलली नसेल. पण रतन? रतनला कदाचित माहीतच नसेल.

सरळ विचारलं. "रतन, मला काय झालंय?"

तिने श्वास घेतला. अर्धा श्वास. मला हेडफोनमधून माणसं ऐकायची सवय आहे, मला तेवढा पुरतो.

"अगं, खडाच ना. काय विचारतेस?"

"रतन, माझी शपथ घे."

"घेतली. खडा आहे, कुंदे. तू उगाच नको ते डोक्यात घेऊ नकोस."

मी फोन ठेवला. चौतीस वर्षं. हिच्या बाळंतपणाला मी रजा काढली. ह्यांच्या अल्सरचं खरं काय ते सगळ्यांत आधी हिला सांगितलं होतं. आणि मी तोंडाने मागितल्यावर, शपथ घातल्यावर, ही माझ्या नावाची खोटी शपथ घेते. ते कागद वाचून मला रडू आलं नव्हतं. आज आलं. ऊर फुटेस्तोवर रडले, प्रांजल दार वाजवत होती तरी.

२० ऑक्टोबर

दिवाळी आहे, प्रांजलने दारात रांगोळी काढलीय. मी नितेशला समोर बसवलं आणि फाइल त्याच्या पुढ्यात टाकली.

आधी म्हणाला, तू कशाला वाचलीस. मग रडला. मग म्हणाला, "आई, तुला सांगितलं असतं तर तू उपचारच घेतला नसतास. खचली असतीस."

"मी? मी खचले असते?"

"बाबांच्या वेळी तूच म्हणायचीस ना, कळलं असतं तर आठ दिवसांत गेले असते. आयुष्यभर तेच ऐकत आलो आम्ही. मला वाटलं तुलाही असंच हवं असेल."

ह्यांनी शेवटी शेवटी मला दोनदा विचारलं होतं, "कुंदा, नक्की अल्सरच ना?" आणि मी हसून त्यांच्या तोंडात मऊभाताचा घास भरला होता. शांतपणे गेले म्हणते मी. विचारायचे थांबले होते ते, एवढंच खरं आहे.

पण म्हणून माझ्या पोराला माफी? नाही. मी चुकले त्याची शिक्षा मला मिळायला हवी असेल तर मिळू दे. पण मी मे महिना म्हटलं तेव्हा हा समोर बसला होता. कान उघडे होते ह्याचे. मी वाळू, हापूस, देवगड म्हणत होते आणि हा मोबाइल बघत होता. तेव्हा एक शब्द बोलला असता तर नात आज माझ्या मांडीवर असती.

हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, "योग्य वेळ बघत होतो." मी म्हटलं, "कोणाची?"

रतन संध्याकाळी फराळाचा डबा घेऊन आली होती. मी आतूनच प्रांजलला सांगितलं, डबा घे आणि दार लाव.

२६ ऑक्टोबर

एकच माणूस उरलं होतं, जान्हवी. दूर आहे, तिलाही ह्या सगळ्यांनी माझ्यासारखंच अंधारात ठेवलं असणार. सहा दिवस मी शब्द जुळवत होते. पोरीला धक्का बसायला नको, जवळ कोणी असेल तेव्हाच सांगावं, असं सगळं ठरवून सकाळी आठला फोन लावला.

"जानू, आधी खाली बस," म्हटलं. मग सांगितलं. खडा नाही, कर्करोग आहे, बरा होणारा नाही, वेळ वाढवण्यापुरता उपचार चालू आहे. एका दमात.

पलीकडून काही आलं नाही. तीस वर्षांत मी शेकडो वाईट बातम्यांचे फोन जोडून दिलेत. पहिल्यांदा ऐकणारं माणूस "काय?" म्हणतं. कोणत्याही भाषेचं असो, श्रीमंत असो, गरीब असो, आधी "काय?" म्हणतं. जान्हवी म्हणाली नाही.

मी विचारलं, "केव्हापासून?"

"जुलैपासून, आई. दादाने रिपोर्ट आले त्याच दिवशी फोन केला होता."

"आणि मी मे म्हटलं तर तू बरं म्हणालीस?"

ती हुंदके द्यायला लागली. "दादा म्हणाला, मी हट्ट केला तर तुला संशय येईल. म्हणून मी साधं विचारल्यासारखं विचारलं. तू मे म्हणालीस. मी काय बोलणार होते? मी तिकीट काढून ठेवलं होतं आई. रद्द केलं."

"म्हणजे मी नातीला वाळूत खेळवायचं म्हणत होते, तेव्हा तुला माहीत होतं की मेमध्ये मी नसेन."

"आई, प्लीज."

"माहीत होतं की नाही, एवढंच सांग."

"हो."

रडू नको म्हणायला तोंड उघडलं होतं, तसंच मिटलं. जन्मापासून तिला रडू नको म्हणत आले. आज म्हणवेना. रडू दिलं. मग म्हटलं, "पोरीला घेऊन ये. मिळेल त्या विमानाने ये. आणि इथे आल्यावर मला बरं वाटावं म्हणून एक शब्द बोलायचा नाही."

२९ ऑक्टोबर

आज एकटी हॉस्पिटलात गेले. रिक्षा केली. नितेश फाटकापर्यंत मागे आला, मी वळून बघितलं नाही.

डॉक्टर अनुपमांनी विचारलं, "बरोबर कोण आलंय?" मी म्हटलं, "ज्या बाईला आजार झालाय ती आली आहे. त्या दिवशी तुम्ही पहिल्यापासून सांगणार होतात, आता सांगा." त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात सगळं माहीत आहे. मी तुमच्या मुलाला तीनदा विचारलं होतं." त्यांचा काय दोष. माझ्याच तोंडाने त्यांना फसवलं.

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. एक पांढुरकी, वेडीवाकडी जागा, तिच्यातून माझी नळी गेलेली. उजेड कुठपर्यंत पोचला, लहरी कुठे पोचल्या, काय मेलं आणि काय उरलं, सगळं बोट ठेवून दाखवलं. पाऊण तास दिला. बाहेरचे ताटकळले असतील, ताटकळू देत.

दुसरी खेप पुढच्या आठवड्यात होती. मी म्हटलं, जान्हवी पाच तारखेला येतेय, मला पोरीला घेऊन उन्हात बसायचंय, खेप पुढे ढकला. त्या म्हणाल्या, ढकलली तर धोका आहे, नळी तुंबू शकते, ताप आला तर लगेच यावं लागेल. कागद दिला. मी चष्मा लावला आणि चारही पानं वाचली, दोन ठिकाणी विचारलं, मग सही केली. खेप अठ्ठावीस नोव्हेंबरला.

शेवटी विचारलं, "किती वेळ आहे?" त्यांनी आधी, नक्की सांगता येत नाही, असं सगळं म्हणून घेतलं. मी थांबून राहिले. मग सांगितलं.

घरी आले तर तिघं हॉलमध्ये बसलेली, नितेश, प्रांजल आणि रतन. रतन उभी राहिली. "काय म्हणाल्या गं डॉक्टर?" नितेशने पाणी आणलं. मी पाणी प्यायले, साडी बदलली आणि तुळशीला पाणी घालायला गॅलरीत गेले. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं नाही.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते इथेही लिहीत नाही. ही वही माझ्या कपाटात असते आणि कपाटाची किल्ली कुठे असते ते घरात सगळ्यांना माहीत आहे.